ती काय, घरीच असते

घरबसल्या काम देणारी चांगली कंपनी कशी निवडावी, असं कोणी मला विचारलं की आधी माझं डोकं तापतं आणि मग मी उत्तर देते. तापतं, कारण ही विद्या मला फार आडमुठ्या लोकांनी शिकवली आणि त्या आडमुठ्यांत मी स्वतःही होते.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. डोंबिवली पूर्वेला, मानपाडा रोडवरून आत, तिसऱ्या मजल्यावर आई आणि मी दोघीच राहायचो. मी फोर्टमधल्या एका ऑफिसात टायपिस्ट होते. आई बाथरूममध्ये घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, पण ती पुन्हा नीट उभी राहिली नाही. पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर, तेही कोणी धरलं तर. मी नोकरी सोडली. बडोद्याच्या भावाचं पत्र आलं : दिवाळीपर्यंत तुझं काही जमलं नाही तर आईला मी घेऊन जातो.

आईने ते पत्र उशीखाली ठेवलं आणि म्हणाली, "तिकडे मला ओळखतं कोण? इथे निदान जिन्यातल्या पावलांवरून कळतं कोण चाललंय ते." म्हणजे दिवाळीच्या आत मला घरी बसून करण्यासारखं काम मिळवणं भाग होतं.

पहिलं काम मिळालं ते मानपाड्याच्या एमआयडीसीत, रंगांची रसायनं बनवणाऱ्या एका कारखान्याचं. त्यांना माहितीपत्रकं टाइप करून हवी होती. मालक म्हणाला, "ताई, तुम्ही यायचीसुद्धा गरज नाही. आमचा माणूस येईल कागद घेऊन." माणूस आला. कागद दिले आणि खुर्ची ओढून बसला. "तुम्ही करा आरामात, मी आहे." त्याच्या कपड्यांना कारखान्याचा आंबूस वास यायचा. मी स्वयंपाकघरात टाइप करायचे, हा बाहेर आईशी राजकारणावर बोलायचा, दोनदा चहा प्यायचा आणि दर दहा मिनिटांनी विचारायचा, "झालं का?" मालकाला सांगितलं तर तो म्हणाला, "अहो, तो बसला की काम लवकर होतं." पंधरा दिवसांनी मी हात जोडले. भीक नको पण कुत्रा आवर. आईला मात्र तो माणूस आवडला होता. आता तो येणार नाही म्हटल्यावर ती जराशी हिरमुसली. मी तिकडे लक्ष दिलं नाही.

मग ठाण्याच्या कोलशेतमधली एक औषध कंपनी. त्यांच्या खोक्यांवरचा मजकूर मराठीत करून द्यायचा होता. मुलाखत झाली, काम आवडलं, घरी न्यायची परवानगीही मिळाली. निघता निघता साहेब म्हणाले, "फक्त रोज दहा वाजता येऊन मस्टरवर सही करायची."

"काम घरी करायचं ना?"

"हो तर. सही करा आणि घरी जा."

डोंबिवलीहून ठाणं, ठाण्याहून बस, कोलशेतला सही, की परत तसंच घरी. घरी पोचायला साडेबारा व्हायचे आणि तोपर्यंत आई सकाळी ज्या कुशीवर ठेवली त्याच कुशीवर. हे मी अकरा दिवस केलं, हे सांगायला मला आजही लाज वाटते. बाराव्या दिवशी मी म्हटलं, "साहेब, मला एक कोरा कागद द्या, मी घरीच सही करत जाईन." ते मनापासून गोंधळले. "मॅडम, मग तुम्ही घरी आहात हे आम्हाला कसं कळणार?" त्या दिवशी मी सही न करताच घरी आले, ती कायमची.

गणपती जवळ आले होते. आई म्हणाली, "तू कंपन्यांना जाऊन भेटतेस, तिथेच चुकतंय. ज्यांच्याशी कागदावरच संबंध ठेवायचा, त्यांना कागदावरच पारख. पत्र टाक. उत्तर किती दिवसांत येतं ते बघ, आणि विचारलेल्या प्रत्येक गोष्टीचं येतं का ते बघ. गोड लिहितात की नाही ते बघू नको." आयुष्यभर मास्तरीणबाई होती ती. मी चार ठिकाणी पत्रं टाकली. दोन ठिकाणांहून काहीच नाही. एकाने ‘समक्ष भेटा’ लिहिलं, ते मी तिथेच फाडलं. पुण्याच्या एका प्रकाशकाचं उत्तर पाचव्या दिवशी आलं. मुद्रितं तपासायची. किती पानं, किती दिवसांत, मोबदला कधी, सगळं ओळीने लिहिलेलं. खाली, आधीपासून त्यांचं काम घरून करणाऱ्या दोन बायकांचे पत्ते आणि एक वाक्य : यांना विचारून मगच ठरवा.

मी त्यांतल्या साताऱ्याच्या बाईंना विचारलं. त्यांनी लिहिलं, "तिरसट आहेत. पण एकदा सांगितलेलं बदलत नाहीत." मला आणखी काय हवं होतं?

रजिस्टर्ड पोस्टाने पहिला गठ्ठा आला. शेतीशास्त्राचं पुस्तक, पानापानावर खतांचे आणि औषधांचे तक्ते. मी लाल पेन घेऊन बसले. आणि तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की आमचं घर हे घर राहिलेलंच नाही.

आमच्या इमारतीत बहुतेक घरांत नवरा-बायको दोघंही नोकरीला. शाळेतून येणाऱ्या मुलांसाठी, कामवालीसाठी सगळ्यांच्या किल्ल्या कुठेतरी ठेवाव्या लागायच्या. त्या आमच्याकडे यायला लागल्या होत्या. दाराशेजारच्या फळीवर सात खिळे, सात किल्ल्या. "ठेवतेय गं, तू काय घरीच असतेस." किल्लीच्या पाठोपाठ गॅसचा सिलेंडर, सिलेंडरच्या पाठोपाठ विजेचं बिल, कोणाचा पाहुणा, कोणाच्या इस्त्रीचे कपडे. दार दिवसभर सताड उघडं. फोर्टात आठ तास बसायचे तेव्हा मला ‘ताई ऑफिसला गेल्यात’ म्हणायचे. आता तेच आठ तास, त्याच डोळ्यांनी, त्याहून अवघड काम करत होते तर मी रिकामी. एका तक्त्यावर बोट ठेवून मी आकडे जुळवतेय आणि पहिल्या मजल्यावरची विचारतेय, "जरा कुकर बघशील का, तीन शिट्ट्या झाल्या की बंद कर."

गठ्ठा गेला. आठवड्याने पुण्याचं पत्र आलं. एकोणीस चुका राहिल्या होत्या. त्यातली एक कीटकनाशकाच्या प्रमाणातली होती, दशांशचिन्हाची. प्रकाशकांनी लिहिलं होतं, "आपली नजर चांगली आहे, पण ती मधेमधे कोणीतरी उचलून नेतं असं दिसतं. घरी शांतता आहे का? नसल्यास कळवावे, त्यात कमीपणा नाही. असल्यास दुसरा गठ्ठा पाठवतो. मात्र तो शेवटचा."

दिवाळीला तीन आठवडे होते. मी त्याच संध्याकाळी सातही किल्ल्या ज्याच्या त्याच्या घरी नेऊन दिल्या आणि दारावर कागद चिकटवला : नऊ ते पाच काम चालू असते. किल्ल्या, सिलेंडर, निरोप काहीही ठेवले जाणार नाही. आणि कडी लावली. जिन्यात लोक ऐकू जाईल असं बोलले. "मोठं ऑफिसच लागून गेलंय!" बोलोत. मला तर ती कडी लावताना असा आनंद झाला की आजही आठवला की हात शिवशिवतात.

दुसऱ्या गठ्ठ्यात दोन चुका राहिल्या. काम कायमचं मिळालं. मी बडोद्याला कळवून टाकलं की आई कुठेही येणार नाही. जिंकले होते मी.

आई मात्र वेळ विचारायला लागली. "किती वाजले गं?" अर्ध्या तासाने पुन्हा. "आज वार कुठला?" मी आतून ओरडायचे, "आई, समोर घड्याळ आहे, कॅलेंडर आहे!" मग ती दुपारीही झोपू लागली. डॉक्टर म्हणाले, वय झालं. मलाही ते सोयीचं वाटलं.

आमच्याकडे खाडीकाठच्या गावातून एक कोळीण यायची, बुधवार-शुक्रवार. आधी ती टोपली उतरवून आईच्या पलंगाशी टेकायची. आता दाराबाहेरूनच मासे द्यायची. एका बुधवारी पैसे घेताना ती फणकारली, "कनाला गो बाय कडी लावतेस? आयशीनंच तर तुझ्या एकेकीला बोलावून सांगितलं, चाव्या आमच्याकडं ठेवा म्हणून."

मी तशीच मासळीचं भांडं हातात धरून आईसमोर उभी राहिले. "तू सांगितलंस? मी तिकडे डोकं फोडत होते आणि तू लोकांना बोलावून बोलावून किल्ल्या मागत होतीस?"

आई घाबरली. माझी आई, जिच्यासमोर शाळा चळाचळा कापायची, ती मला घाबरली. "अगं, ठेवताना येतात, न्यायला येतात," ती म्हणाली. "सकाळी वरच्या मजल्यावरची बँकवाली आली की पावणेआठ. पोरं आली की साडेबारा. रविवारी कोणी येत नाही, म्हणजे रविवार." मग जपून म्हणाली, "रागावू नको. पण तुझ्या पुण्याच्या कंपनीला एकदा विचारशील का, माझ्यासाठी काही काम आहे का? बिनपगारी चालेल. कोणीतरी काही आणून दिलं, कोणीतरी घेऊन गेलं, एवढंच."

मी चार कंपन्यांना पत्रं लिहिली होती. साताऱ्याच्या अनोळखी बाईंना विचारलं होतं. जिच्यासाठी हे सगळं चाललं होतं तिला मी एकदाही काही विचारलं नव्हतं. माझी मलाच इतकी चीड आली की भांडं ओट्यावर आपटलं.

त्याच संध्याकाळी मी दारावरचा कागद फाडला आणि मजल्यामजल्याने किल्ल्या मागत फिरले. जी बाई महिन्यापूर्वी सगळ्यांना किल्ल्या परत देत फिरली होती, तीच. लोक फार चांगले वागले, हेच वाईट. "नको ताई, तुम्हाला उगाच त्रास." "आम्ही आता डुप्लिकेट करून घेतल्या." "मुलगा आता गळ्यात घालूनच जातो, मोठा झालाय." कोणी टोमणासुद्धा मारला नाही.

बँकवाली शेवटची. तिने ऐकून घेतलं. मग आत जाऊन किल्ली घेऊन आली. "खरं तर दुसरी केलीय आम्ही," ती म्हणाली, "पण ही काकूंना द्या."

मी खाली आले आणि ती आईच्या हातात ठेवली. आईने ती दोन्ही हातांनी धरली, उलटसुलट करून पाहिली. मग माझ्या खांद्यावरून उघड्या दाराकडे बघत विचारलं, "ती स्वतः नाही आली?"