बंद नोंदींचा कायदा

टेलरमावशीनं लग्न केलं नव्हतं. कुणी विचारलंच, तर तोंडातली टाचणी काढून ती म्हणायची, "मापाचा मिळाला नाही!" बायका हसायच्या आणि विषय तिथंच मिटायचा.

खरं काय ते तिच्या एकाच मैत्रिणीला, गोरीला, ठाऊक होतं. चौतीस वर्षांपूर्वी दोघी एकाच संस्थेत, शेजारशेजारच्या खाटांवर बाळंत झाल्या होत्या. एकोणीस वर्षांच्या मावशीला मुलगी झाली, गोरीला मुलगा. अकराव्या दिवशी मुलगी दत्तक गेली, मागोमाग मुलगाही. आईचं नाव कधीच कुणाला कळणार नाही, असा शब्द संस्थेनं दोघींना दिला होता. गोरीनं पुढं संसार थाटला, घरात सुना आल्या, पण पोटातलं ओठांवर कधी आलं नाही.

एके दिवशी पेपरात बातमी आली. आमदारबाईंनी विधेयक मांडलं होतं : दत्तक गेलेल्या मुलांना अठरा वर्षं पूर्ण झाली, की जन्मदात्या आईचं नाव मिळणार. लोकांचं म्हणणं ऐकायला सुनावणीही ठेवली होती. मावशीनं बातमी तीनदा वाचली. हातातली बाही उलटी जोडली गेली.

दुपारी गोरी आली. "वाचलंस? उद्या कुणी दारात येऊन नातवंडांदेखत मला आई म्हणाला, तर मी काय करू?"

"चुकीचं घर म्हणून सांग."

"आणि त्याच्या तोंडावर दार लावू? तेही जमायचं नाही गं मला." गोरीनं डोळे पुसले. "तुझं बरंय. तुला गमवायला काही नाही."

मावशीनं दोरा दातानं तोडला.

सुनावणीला ती एकटीच गेली. विधेयकाच्या बाजूनं बोलायचं, हे ठरवूनच. तिच्याआधी चष्मेवाली एक शिक्षिका उठली. "डॉक्टर विचारतात, आईला काय आजार होते? मी दर वेळी तो रकाना कोरा सोडते," ती म्हणाली. तिशी ओलांडलेली असेल. मावशी तिच्याकडं बघतच राहिली.

मग मावशीचं नाव पुकारलं.

"माझी मुलगी मला भेटावी म्हणून मी आले," ती म्हणाली. "त्या वयाची बाई रस्त्यात दिसली, की मी डोळ्यांनीच तिच्या खांद्याचं माप घेते. पण माझ्या शेजारच्या खाटेवरची बाई आज इथं येऊ शकली नाही. तिला दिलेला शब्द मोडा, असं मी कुठल्या तोंडानं सांगू? आजारांचं सगळं मुलांना सांगा. नाव मात्र आईला विचारून द्या."

आमदारबाई लिहिता लिहिता थांबल्या. "आणि आई सापडलीच नाही, तर?"

"ते मला जुळवता येत नाही, बाई."

"म्हणजे आम्ही पुन्हा थांबायचं," शिक्षिका मागून म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, पण मावशीला मान वर करवेना.

सात महिन्यांनी कायदा झाला, बराचसा मावशी म्हणाली तसाच. गोरीनं येऊन तिचे दोन्ही हात घट्ट धरले. पहिल्याच दिवशी मावशी नोंदणी कचेरीत हजर झाली आणि संमतीच्या फॉर्मवर तिनं नाव, फोन, पत्ता लिहिला. पत्त्याखाली आणखी एक ओळ घातली : दुकान बंद असलं तर वरच्या मजल्याकडं बघून हाक मारावी.

कारकून भला माणूस होता. "मुलीचा अर्ज आला, की कळवतो. पण मावशी, आपण दत्तक आहोत हे तिला माहीत असेलच, असं नाही."

हे मावशीच्या कधी मनातच आलं नव्हतं. परतताना ती दोन स्टॉप पुढं गेली.

याला आता तीन वर्षं झाली. मावशीचे गुडघे कुरकुरतात. भाचा सारखा म्हणतो, "मावशे, आमच्याकडं ये राहायला, जिना चढायला नको." पत्ता बदलायचा फॉर्म मिळतो, हे तिला ठाऊक आहे. तरी ती म्हणते, "बघू रे, पुढच्या वर्षी," आणि खिडकीकडंची खुर्ची आणखी थोडी पुढं ओढते.