मूठभर हळद

हळदीचा डबा उघडला की मला रक्ताचा वास येतो. त्या दुपारी वडील डायलिसिस करून कळंब्याच्या घरी नुकतेच टेकले होते, हातावर सुया काढलेल्या जागी पट्टी होती. तालमीतले त्यांचे जुने जोडीदार, ज्यांना मी काका म्हणायचे, दारातूनच गरजले, "काय पैलवान, हाय का न्हाय ताकद?" वडिलांनी सवयीनं पट्टीचाच हात पुढं केला आणि काकांनी कुस्तीआधी हात मिळवतात तशी सलामी देत तो हिसडला. पट्टी सुटली, रक्ताची चिळकांडी भिंतीवर उडाली. मी दोन्ही अंगठ्यांनी दाबून धरलं, तरी ते बोटांतून उसळतच राहिलं. काकांनी धावत जाऊन मूठभर हळद आणली आणि त्यावर थापली. "थांबतंय की गं आता!" म्हणाले, तसा मी त्यांच्या कानाखाली जाळ काढला. दवाखान्यात टाका घालून रक्त थांबवल्यावर डॉक्टर आमची गोळ्यांची पिशवी बघून कडाडले, "मशीनवर आम्ही रक्त पातळ करायचं औषध देतोच. वर ही तसलीच गोळी कोण देतंय?" हृदयाच्या डॉक्टरांनी लिहिलेली ती गोळी रोज मीच देत होते, डायलिसिसवाल्यांना मात्र कधी सांगितलंच नव्हतं. वडील वाचले. काका पुन्हा आमच्या दारात आले नाहीत, आणि माझ्या कानाखाली आजवर कुणी मारली नाही.