सगुणाची शेवटची गाठ

दुपारी दार लावून पडतो. उशीखाली माझ्या बायकोची, सगुणाची पुरचुंडी आहे. घेवड्याचं बी तिनं फडक्यात बांधून ठेवलेलं. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी मारलेली गाठ. तिच्या हातचं तेवढंच उरलंय, म्हणून मी ती सोडत नाही.

आमच्या ख्रिस्ती देवळात पेरणीआधीच्या रविवारी घरोघरचं बी नेतात. पाळकसाहेब त्यावर प्रार्थना करतात आणि कुणीतरी एक स्तोत्र वाचतं. देवानं बंदिवानांना सोडवून आणलं तेव्हा आम्हाला आपण स्वप्नातच आहोत असं वाटलं, ते स्तोत्र. दरवर्षी सगुणा वाचायची. उद्या मी वाचावं, असं पाळकसाहेब सकाळी सांगून गेले. मी हो म्हटलं नाही.

डोळे जड होतात. पत्र्यावर कावळा चालतोय. मग पत्रा नाही, कावळा नाही. मी देवळातल्या बाकावर बसलोय आणि शेजारी सगुणा.

"दाढी करा की," ती म्हणते. "मेले मी आणि अवकळा तुमच्या तोंडावर."

मला हसू येत नाही. तिचे हात बाकाला बांधलेत, पांढऱ्या पट्टीनं. दवाखान्यात बांधले होते तसेच. ती नाकातली नळी ओढायची म्हणून नर्सनं ते खाटेला बांधले होते. ती माझ्याकडे बघायची, सोडा म्हणून. सोडले असते तर नळी निघाली असती. हात बांधलेले असतानाच ती गेली.

"ते स्तोत्र खोटं आहे," मी म्हणतो. "तुला कोण आलं सोडवायला?"

"आधी सोडा. मग भांडा."

बाक आता खाट आहे. खिडकीबाहेर आमचं परस दिसतंय, उघडंबोडकं, न पेरलेलं. मी नखानं गाठ उचकटतो. निघत नाही.

"नखानं कधी सुटलीय का माझी गाठ? दातानं सोडा."

मी वाकतो. पट्टी दातात धरून ओढतो. खारट लागते. एक हात सुटतो, मग दुसरा. मला वाटतं, आता ती मला धरेल. ती आधी नाक खाजवते. खूप वेळ, डोळे मिटून.

"देवा रे," ती म्हणते. "किती दिवस खाजत होतं."

"चल घरी."

"नाही हो."

"मग उद्या मी काय वाचू? कुणाला परत आणलं म्हणू?"

"पुढचं वाचा. रडत रडत बी घेऊन निघतो, त्याचं."

"तो हसत परत येतो म्हणे. मी नाही येणार, सगुणा."

"ते देवाचं देव बघेल. तुम्ही रडतच निघा. पण बी घेऊन निघा."

मी तिचा हात धरायला जातो. खाट नाही. मी परसात उभा आहे आणि ती कुंपणापलीकडे, मोकळे हात हलवत चाललीय. मी हाक मारतो.

डोळे उघडतात. दातात फडक्याचा धागा अडकलाय. पुरचुंडी ओली, सुटलेली. गाठीच्या जागी नुसत्या सुरकुत्या. बी अंथरुणभर सांडलंय, पाठीला टोचतंय.

मी फडकं पुन्हा बांधून बघतो. तिच्यासारखी गाठ बसत नाही. परत बांधतो. नाहीच बसत. मग मात्र मी शेजाऱ्यांना ऐकू जाईल एवढ्यानं रडतो.

आणि रडता रडताच एकेक बी वेचायला लागतो.