माऊस तुमच्या हातात

रुचाचा फोन आला तेव्हा मी सकाळचे कपडे वाळत घालत होते. "मावशी, आई गेली," एवढंच ती म्हणाली. आदल्या संध्याकाळीच मी वसुधाला इस्पितळात भेटून आले होते. नाकाला ऑक्सिजनची नळी आणि हातात माझा फोन. "शैला, तुझे फोटो दुसरीकडे कुठेच सेव्ह होत नाहीयेत गं. फोन पाण्यात पडला तर वाट लागेल," असं म्हणून तिने ते सेटिंग माझ्याच बोटाने चालू करून घेतलं. मग डोळे मिटून पडून राहिली... त्याला आता महिना होत आला.

वसुधा मूळची अकोल्याकडची. लग्न होऊन मुलुंडला आली ती आमच्याच मजल्यावर. आयुष्यभर बँकेच्या कॉम्प्युटर विभागात काम केलं, नवऱ्यामागे रुचाला एकटीने वाढवलं. निवृत्त झाल्यावर अख्खी बिल्डिंग तिच्या दारात येऊ लागली. कुणाचं नेट बंद, कुणाचा पासवर्ड विसरलेला, कुणाला वीज तोडण्याची धमकी देणारा मेसेज. "लिंकला हात लावू नका, बिलावरच्या नंबरवर फोन करून विचारा," हे ती न कंटाळता सांगायची. पण कुणाचं काम स्वतः करून द्यायची नाही. शेजारी खुर्ची ओढायची आणि म्हणायची, "माऊस तुमच्या हातात. मी नुसती बघते."

पहिल्या मजल्यावरच्या करंदीकर काकांचा यावरून तिच्यावर राग होता. काकूंनी वारण्यापूर्वी परदेशातल्या नातीसाठी गोष्टी सांगून रेकॉर्ड केल्या होत्या. त्या जुन्या कॉम्प्युटरवर होत्या आणि तो एक दिवस सुरूच होईना. दुकानदार म्हणाला, फॉरमॅट करावा लागेल. काका हो म्हणून आले. जिन्यात त्यांनी ते सहज वसुधाला सांगितलं, तशी तिने भाजीची पिशवी माझ्याकडे दिली आणि ती तडक दुकानात गेली. फॉरमॅट म्हणजे सगळं पुसून टाकणं, हे काकांना कुणी सांगितलंच नव्हतं.

कॉम्प्युटर घरी आणून तिने आतली डिस्क काढली आणि वायरने आपल्या लॅपटॉपला जोडली. डिस्क शेवटच्या घटका मोजत होती. "आधी गोष्टी. बाकीचं नंतर," म्हणत ती एकेक फाइल उतरवत गेली. दोन दुपारी काका समोर बसून होते. काही गोष्टी निघाल्याच नाहीत, आणि ते तिने त्यांना सरळ सांगितलं. मग काकूंचा आवाज आला... काकांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"आता याच्या दोन प्रती ठेवा, वेगवेगळ्या जागी," वसुधा म्हणाली. "आणि त्या तुम्हीच करा."

"या वयात मी कुठे शिकू? तू आहेस ना?"

"आहे, म्हणूनच शिकून घ्या."

काका चिडले, पण शिकले.

तिच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, पाहुणे पांगल्यावर, रुचा हळूच म्हणाली, "आई मला नेहमी फोनच करायची. माझ्याकडे तिचा आवाज कुठेच नाही." तेव्हा काकांनी खिशातून मोबाइल काढला. बारीक अक्षरं वाचता येत नाहीत म्हणून वसुधा आम्हा म्हाताऱ्यांना सूचना बोलून पाठवायची. काकांनी एकही पुसली नव्हती. त्यांनी आमचेही फोन मागून घेतले आणि एकेक मेसेज शोधून, कुणाला हात लावू न देता, सगळे रुचाकडे पाठवले. त्यातला एक तिने तिथेच लावला. "काका, घाबरू नका, काही बिघडलेलं नाही. राउटरची पिन काढा, जरा थांबा, मग परत लावा. थांबा म्हणजे खरंच थांबा हां..." खोलीत आम्ही सगळे तसेच थांबून राहिलो.

रुचा बंगळुरूला परत गेली. परवा तिला फोन केला तर स्वयंपाक करत होती. हे मेसेज लावूनच करते म्हणाली.

"मावशी, प्रिंटरचा सगळ्यात मोठा आहे," ती म्हणाली. "त्यात आई मध्येच खोकते. मग पाणी पिते, आणि परत बोलायला लागते."