भावाचं पथ्य

रक्ताच्या कर्करोगावर उपाय म्हणून माझ्यात ज्या मूळपेशी घातल्या, त्या माझ्या धाकट्या भावाच्या. कर्करोग गेला, पण या पेशी माझ्या शरीराला परकं समजून त्याच्यावर तुटून पडल्या. वैद्यकात याला लांबलचक नाव आहे. घरात ते कोणालाच धड उच्चारता येत नाही, म्हणून आम्ही नुसतं ‘भांडण’ म्हणतो. भांडणात कातडी ताठली, डोळ्यांतलं पाणी आटलं आणि तोंड इतकं आवळलं की लहान चमचा जेमतेम आत जाई. स्टेरॉइडने गुण आला नाही, चेहरा तेवढा सुजला.

मी देवासला, भाऊ धारला माहेरच्या घरी. त्याची सकाळी देवळातली पूजा, मग शाळेतली नोकरी. पोह्यांवर, वरणभातावर, अगदी श्रीखंडाच्या पानातसुद्धा तिखट शेव लागणारा माणूस. त्याने मिरची सोडली, शेव सोडली, रागावणंही सोडलं. भावजयीने सांगितलं तेव्हा मी फोन करून विचारलं, हे काय नवीन खूळ?

“अक्का, परहेज करतोय मी. सेल माझेच ना? मी थंड राहिलो तर ते पण थंड राहतील.”

मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं. “तुझ्या अंगातून निघाले तेव्हाच त्यांचा तुझा संबंध संपला,” मी सुनावलं. तो “बरं” म्हणाला आणि त्याने पथ्य तसंच चालू ठेवलं. मी भयंकर चिडले. बरंही वाटलं.

पुढच्या गोळ्यांनीही काही होईना, तेव्हा इंदूरच्या डॉक्टरांनी अँटिबॉडी द्यायचं ठरवलं. सलाइनमधून शिरेत जाणारं, ठरावीक पेशी हुडकून त्यांनाच गाठणारं औषध. गुण येईलच असं नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. तोंड आणखी आवळलं तर नळीने जेवण द्यावं लागेल, हेही सांगितलं. मरणाला मी एकदा तोंड दिलं होतं, पण या नळीची मला फार भीती वाटत होती.

मी देवासहून आणि तो धारहून, असे आम्ही दोन दिशांनी इंदूरला पोचलो. त्याच्या डब्यात अळणी म्हणावी इतकी फिक्की खिचडी होती, दोघांसाठी. सलाइन लावणाऱ्या सिस्टरला त्याने विचारलं, “सिस्टर, इसमें मेरे वाले सेल मरेंगे क्या?”

“कुछ तो मरेंगे, भिया,” सिस्टर इंदुरी ढंगात म्हणाली.

तो बाटलीकडे बघत बसला. मग मला म्हणाला, “मरू देत. माझे असले म्हणून काय झालं, तुला त्रास देतात ना.” बऱ्याच वेळाने पुढे म्हणाला, “पण सगळे नको मरायला ग.”

औषधाच्या फेऱ्या होत राहिल्या. आधी गालाची कातडी सैल पडली, मग ओठ. तोंड आजही पुरतं उघडत नाही, पण पोळीचा घास जातो. नळीचं नाव डॉक्टर आता काढत नाहीत.

भाऊबीजेला तो देवासला आला. ओवाळून झाल्यावर मी त्याच्यापुढे पोहे ठेवले आणि वर मूठभर तिखट शेव घातली.

“पहिले तू तोंड उघडून दाखव,” तो म्हणाला.

मी उघडलं. त्याने वाकून, मान तिरकी करून नीट पाहिलं आणि मगच पहिला घास घेतला. तिखटाची सवय गेलेली, त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. पुसता पुसता तो खातच राहिला. माझ्या डोळ्यांना आता पाणी येत नाही. मी औषधाची बाटली काढून दोन्ही डोळ्यांत थेंब घातले आणि त्याच्याजवळ बसले.