जाऊबाईंचे चार दिवस

चार बायका पापड लाटायला बसल्या की कोणाचं तरी जुनं गाऱ्हाणं निघतंच, आणि पीठ संपायच्या आत त्याची गंमत झालेली असते. आमच्या म्हसावदच्या घरात सगळ्यात जास्त निघायचं ते मोठ्या जाऊबाईंचं, सोनाबाईंचं. लढाईमुळे रॉकेल मिळत नव्हतं, त्या वर्षांत त्यांची पाळी जायला लागली होती.

घर वीस माणसांचं, आणि मामंजींना भाकर सोनाबाईंच्याच हातची लागायची. महिन्याचे चार दिवस 'बाजूला' बसल्या की तेवढीच चूल सुटायची. पडवीत घोंगडीवर बसून त्या नुसता रस्ता बघायच्या. आम्हाला शिवाशिवीचा जाच वाटायचा, त्यांना ते माहेर होतं. ते चार दिवस भाकरी मी करायचे आणि माणसं मुकाट खायची.

*

पहिल्यांदा तीन महिने चुकले तेव्हा गल्लीला वाटलं, दिवस राहिले. जाऊबाईंना तोवर दोन नातू होते! शेजारच्या मारवाडीणबाईंनी कैरीच्या लोणच्याची बरणी पाठवली. जाऊबाईंनी लोणचं संपवलं आणि चौथ्या महिन्यात पडवीत जाऊन बसल्या. रिकामी बरणी परत न्यायला कोणी तयार होईना.

*

मग पौषात आम्ही शेगडीभोवती कुडकुडतोय आणि या सुपानं वारा घेतायत. थोरल्या भावजींनी घाबरून दवाखान्यात नेलं. परक्या पुरुषासमोर जाऊबाई बोलेनात, म्हणून घाम, धडधड, झोप नाही, सगळं भावजींनीच सांगितलं. डॉक्टरांनी औषध भावजींना दिलं. त्यांनी ते महिनाभर घेतलं, आणि गुण आला म्हणाले!

*

खरं काय ते सुइणीनं सांगितलं.

"वरीस-दोन वरीस येई, जाई. आंग तपी, राग येई. मंग बंद व्हई जाई. हाऊ रोग नही."

जाऊबाईंनी एवढंच विचारलं, "मंग बाजूले बसानं?"

"ते बी बंद."

जाऊबाई रडल्या. मला फार वाईट वाटलं.

*

पाळी पुरती थांबली, तरी जाऊबाई दर महिन्याला पडवीत. मला माहीत होतं, मी गप्प होते. पण वर्षभरानं एकदा माझ्या भाकरीवरून हे फार बोलले आणि माझ्या तोंडून रागात सगळं निघून गेलं. ते मामंजींपर्यंत पोचलं. जेवताना मामंजी म्हणाले, चला, आता तीसही दिवस सोनाच्याच हातची भाकर. वाढता वाढता जाऊबाईंचा हात थांबला. मला मान वर करवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी पडवीत दोन घोंगड्या. एकीवर आमच्या सासूबाई बसलेल्या. वय सत्तर! घरातला शिवाशिवीचा सगळा कायदा त्यांचाच. मामंजी दारात येऊन उभे राहिले, तशा त्या म्हणाल्या,

"माले कावळा शिवी गया. सोनाले बी शिवी गया. चार दिन आम्हले कोन्ही हात लावू नका."