पाय थांबले, सूर थांबला नाही

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आणि आता सांगतोय ते मन हलकं व्हावं म्हणून नाही — माझं मन हलकं व्हायचं कारणच काय?

संताप येतो, म्हणून सांगतोय. परवा खराडीतल्या एका हॉटेलात गेलो, तर दारातच आपल्या संगीत नाटकातला ऑर्गन शोभेला ठेवलेला. पट्ट्यांवर कुंड्या! दोन्ही पायांनी भाता हलवत राहायचा, तेव्हा कुठे हवा भरते नि सूर निघतो, हे तिथे कुणाला ठाऊक? गोऱ्यांच्या चर्चमधून आलेलं हे वाद्य आपण नाटकात आणून बसवलं, आपलंसं केलं. पडदा उघडण्याआधी त्याचा सूर लागला की अख्खं थिएटर गप्प व्हायचं. आणि आता त्यावर मनी प्लांट! मॅनेजरला चार शब्द सुनावायला तोंड उघडलं — आणि मिटलं. मी कोण सुनावणारा? त्याने निदान वाजवल्याचं सोंग तरी आणलं नव्हतं.

विमलताई माझ्या गुरू. त्यांचे वडील नाटक कंपनीत ऑर्गन वाजवायचे. त्यांच्याकडून ताई शिकल्या, ताईंकडून मी. गुडघे थकले तेव्हा मुलींचा गाण्याचा क्लास तेवढा ठेवून त्यांनी आपला ऑर्गन मला दिला. "वाजता ठेव," एवढंच म्हणाल्या. ठेवला का? भात्याचं कातडं उंदरांनी कुरतडलंय हे मला कळलं ते जाहिराती लागल्यावर — 'अस्सल ऑर्गनच्या साथीने नाट्यगीते'. दुरुस्तीला वेळ नाही, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे कार्यक्रम पुढे ढकलायची लाज वाटली. मग ऑर्गनच्या पट्ट्यांवर एक छोटा कीबोर्ड ठेवला, पुढून शेला नि झेंडूच्या माळा सोडल्या. खाली फाटक्या भात्यावर पाय हलवत राहिलो.

लोक काय खूश! "हा आवाज मशीनला जमायचा नाही हो," असं एक गृहस्थ मध्यंतरात येऊन मलाच सांगून गेले. पुण्यातले कान म्हणे.

पण शेवटच्या भैरवीत एक लांब सूर धरला आणि — माझे पाय थांबले. विसरलोच. ऑर्गनवर पाय थांबले की सूर बसत जातो, विझतो. माझा चालूच राहिला, ठणठणीत. ताई पहिल्या रांगेत होत्या. त्या माझ्या हातांकडे कधीच बघत नसत, बघायच्या ते पायांकडे.

कार्यक्रमानंतर आत आल्या. आयोजकांसमोर, गायिकेसमोर म्हणाल्या, "अरे श्रीकांत, पाय थांबले होते तुझे. सूर कसा नाही बसला?"

तेव्हा तरी खरं बोलायचं — नाही का? मी हसलो. हसून म्हणालो, "बसला होता, ताई. तुम्हाला ऐकू नाही आलं." तिथेच थांबलो असतो तरी — पण नाही. सगळे बघत होते. "हल्ली क्लासमध्येही मुलींचं बेसूर तुमच्या लक्षात येत नाही. सांगायचं कसं, म्हणून कुणी सांगत नाही."

धादांत खोटं! बेसूर त्यांनी कुणाचंच कधी सोडलं नव्हतं. माझं तर नाहीच.

ताईंनी कानाला हात लावला. वाद घातला नाही. आपण शिकवलेला मुलगा खोटं कशाला बोलेल, असं वाटलं असणार त्यांना. स्वतःच्या कानांपेक्षा त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला.

थोड्याच दिवसांत क्लास बंद केला. "मुलींचं नुकसान नको." तपासणीत वयाच्या मानाने थोडं कमी ऐकू येतं असं निघालं — त्या वयात कुणाचं निघत नाही? ताईंना तेवढं पुरलं. कानाचं यंत्र आलं. मी मागाहून वाघोलीच्या एका कारागिराकडून भाता नीट करून घेतला. ऑर्गन आता छान वाजतो. लोक मला परंपरा जपणारा म्हणतात, शाल देतात — आणि मी ती घेतो! निलाजरेपणाला काही मर्यादा?

गेल्या रविवारी कात्रजला त्यांच्या घरी गेलो होतो. यंत्र टेबलावर पडलेलं. शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली. "काळी चारच्या जरा वर," शिट्टीचा सूर त्या सहज सांगून गेल्या. बरोबर होतं. मग एकदम ओशाळल्या, घाईघाईने यंत्र कानात बसवलं.

"मोठ्याने बोल रे बाबा. मला आता ऐकू येत नाही."

मी मोठ्याने बोललो.